उस्तादच्या नावाचा एक्स-रे

१२ जुलै

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

छातीचे दोन्ही एक्स-रे मिळाले. तुझा अगदी स्वच्छ आहे. साखरेची गोळी रोज चुकवणारा आणि दिवसभर रोपवाटिकेच्या चिखलात बसणारा माणूस अशी ठणठणीत फुप्फुसं घेऊन फिरतो, कमाल आहे बाबा तुझी!

तुझ्याकडच्या म्हाताऱ्या गड्याचं, उस्तादचं मात्र काही खरं नाही. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पांढरा डाग आहे आणि त्यात पोकळी पडली आहे. एक्स-रे वाचणं हेच माझं काम, मी दिवसभर हेच बघते. हा क्षय आहे, डोळे झाकून सांगते. त्याला वेगळं झोपव, त्याच्या नातीला त्याच्याजवळ फिरकू देऊ नकोस. आपल्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय, तेव्हा त्याला घराचा उंबरठा बंद.

रागावलीस म्हणू नकोस, लोभ आहे म्हणून बोलते.
तुझी ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

तू सांगितलंस तसंच केलं. उस्ताद खताच्या खोलीत झोपतो. नात दाराशी येऊन हाका मारते, तो आतूनच तिला हाकलतो. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण तुझं नाव सांगितल्यावर इथल्या डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या. ताप काही हटत नाही. त्याचा नवा एक्स-रे पाठवतो आहे.

मी मजेत. लग्नाच्या दगदगीने अक्षर जरा वाकडं येतंय, हसू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बारक्या

१८ ऑगस्ट

बारक्या,

आशीर्वाद नंतर. फोन उचलत नाहीस म्हणून ड्रायव्हरजवळ पत्र देते आहे. वाच आणि त्याच गाडीत बस.

पोकळी वाढली आहे, डाव्या बाजूलाही ठिकठिकाणी डाग उमटलेत. गोळ्या चालू असताना क्षय असा धावत नाही. म्हणून फोटो पुन्हा नीट पाहिला, आणि गळ्याखालचं ते वाकडं जुळलेलं हाड दिसलं. झाडावरून पडलास तेव्हा मोडलं होतं ते. पहिल्या फोटोतही होतं रे! मी डाग तेवढा पाहिला. लाज वाटते मला माझ्या डोळ्यांची.

साखरेचा रोगी, उघडे हात, चिखल, पावसाळा; फोटो तुझा आहे हे कळलं असतं तर मला मेलिऑइडोसिसची शंका आली असती. मातीतला जंतू असतो, एक्स-रेमध्ये हुबेहूब क्षयाचं सोंग घेतो. रक्त तपासून खात्री करू, पण इंजेक्शनं आजच सुरू व्हायला हवीत. उशीर झाला तर जीव जातो.

आणि त्या म्हाताऱ्याला काय गिळायला देत होतास? गडी म्हणून त्याच्याबद्दल काय वाट्टेल ते लिहिलं मी. फोटो भावाचा आहे हे माहीत असतं तर तसं लिहिलं असतं का?
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. लिहायलाही तोंड नाही.

रक्तात तोच जंतू निघाला. इंजेक्शनं चालू आहेत, ताप उतरलाय, पुढे काही महिने गोळ्या. वाचलो म्हणतात.

एक्स-रेच्या काउंटरवर आमची नावं मीच उलटी सांगितली. बापाला क्षय म्हटल्यावर पोरीचं जमलेलं लग्न मोडेल, ही भीती. क्षयाच्या गोळ्या मी चोरून खाल्ल्या, त्याला ताकदीच्या दिल्या. त्याचा साधा खोकला केव्हाच बरा झाला होता. तो म्हणायचा, मालक, तुमच्या औषधाला गुण आहे. ताई, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं गं.

काल तो मला भेटायला आला. इस्पितळातल्या खोलीच्या दारातच उभा राहिला, तोंडाला रुमाल बांधून, त्याच्यापासून मला काही होऊ नये म्हणून. मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. त्याने घालायला हव्या होत्या.

त्याने एवढंच विचारलं, मग नातीला उचलून घेतलं तर चालेल का. मी हो म्हटलं. तो पुढचं काही ऐकायला थांबलाच नाही.

जमेल तेवढी माया ठेव, मागायचा हक्क मला नाही.
बारक्या