रस्ता बंद होता

दिवेआगर,
रविवार, दुपार

प्रिय रुचिता,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतो. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकतच राहतो आणि सांगायचं ते तसंच राहून जातं. म्हणून लिहायला बसलो. खोलीवर एकटी असशील तेव्हा वाच, ड्युटीवर निघताना नको.

इकडची खबर अशी, की वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्यांपैकी सात झाडांनी यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. शेजारची कृष्णाबाई रोज येऊन त्यांच्याकडे बघते आणि तिनेच लावल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटते. शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या आपल्या दारापर्यंत उभ्या असतात. गद्रे डॉक्टरांचा दवाखाना तू बघून गेलीस तसाच बंद आहे. डॉक्टरांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी अजून एखादी म्हातारी पायरीवर येऊन बसते. मी जाताना दिसलो की हाक मारते, "डॉक्टर, जरा नाडी बघा." मी बघत नाही. लोकांना वाटतं, धर्मा कंपाउंडर म्हातारपणी चढेल झाला.

मागे तू विचारलं होतंस, मी या कामात कसा आलो. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. बारावी सायन्सला नापास झालो होतो. तुझे आजोबा लोकांच्या वाड्यांत सुपाऱ्या काढायला झाडावर चढायचे, मला उंचीची भीती. ते पडले तेव्हा त्यांना गद्रे डॉक्टरांकडे नेलं. मांडीचं हाड बाहेर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, पाय धरून ठेव, आणि मी धरून ठेवला. माझे हात हलले नाहीत, एवढ्यावरच त्यांनी मला सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. सुया उकळायच्या, मिक्श्चरच्या बाटलीला डोसच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, जखमा धुवायच्या. सव्वीस वर्षं केलं. पण तिथे टिकून का राहिलो, ते खरं सांगतो. पहिल्याच महिन्यात बाजारात एक बाई माझ्याकडे बोट दाखवून मुलाला म्हणाली, हे बघ, डॉक्टर. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. पुढे कोणाचीच केली नाही.

तुझ्या कॉलेजच्या मुलाखतीचा दिवस आठवतो? मी बाहेर बाकावर होतो, दार अर्धं उघडं होतं. आत प्रत्येकाला एकच प्रश्न. डॉक्टरच्या हाताखालचं हे काम, फिजिशियन असिस्टंटच का? एका मुलाने सांगितलं, मेडिकल थोडक्यात हुकलं. एक मुलगी म्हणाली, चार वर्षांत हाताला काम, शिवाय मामा कुवेतला आहे, तिकडे नोकरी मिळेल. एकीने आईच्या डायलिसिसचं सांगितलं, तिथला असिस्टंट आईशी नीट बोलायचा, डॉक्टरांना वेळ नसायचा. मला सगळ्यांचीच कारणं पटली. मग तू गेलीस. तू म्हणालीस, वादळात माझी आई गेली. डॉक्टर पुण्यात अडकलेले, रस्ता झाडं पडून बंद. माझ्या बाबांनी जेवढं येत होतं तेवढं केलं. त्यांना आणखी थोडं शिकवलेलं असतं तर ती वाचली असती. डॉक्टर येईपर्यंत माणूस जगवता येईल एवढं मला शिकायचंय.

आतल्या सरांनी नंतर मुद्दाम बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. आनंदाने रडत होतो असं तुला वाटलं. ते तसं नव्हतं, रुचिता.

वादळ झालं तेव्हा तू पनवेलला मामाकडे होतीस, लॉकडाऊनमुळे. त्या दिवशी काय काय उडून गेलं ते तू ऐकलंयस. मी सांगतो ती तिसऱ्या दिवसाची गोष्ट. वीज नव्हती, फोन नव्हते. सकाळी सातपासून दवाखान्यासमोर रांग. पत्र्याने कापलेले, भिंतीखाली आलेले, पायात खिळे घुसलेले. मी एकटा. तासाभराने मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो. आधी टाके घालायला उजेड तिथे बरा होता म्हणून बसलो, आणि मग उठलो नाही. लोक हात जोडत होते. सरपंच येऊन म्हणाले, धर्मा, आज तू होतास म्हणून. तुला खोटं सांगत नाही, घरावर कौल राहिलं नव्हतं, वाडी आडवी झाली होती, तरी त्या सकाळी मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा फार बरं वाटत होतं.

तुझी आई नऊ वाजता आली. मागच्या दाराने, रांगेत नाही. पाठीत दुखतंय, जबडा धरल्यासारखा झालाय, मळमळतंय. कपाळावर घाम होता. मी म्हटलं, दोन दिवस पोटात धड काही नाही, पित्त झालंय. इंजेक्शन दिलं आणि आतल्या बाकावर आडवं व्हायला सांगितलं. गद्रे डॉक्टरांनी मला निदान पन्नास वेळा बजावलं होतं, धर्मा, पाठ, जबडा आणि घाम असेल तर आधी हृदय समज, मग पोट. मला ते तोंडपाठ होतं. ईसीजीचं मशीन विजेशिवाय चालणार नव्हतं हे खरं, पण ॲस्पिरिनच्या गोळ्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या. मला तेव्हा सुचलं नाही, एवढंच म्हणू शकतो. बायकोचं दुखणं होतं. बाहेर चाळीस माणसं होती.

साडेदहाला तुळशीराम टेम्पो घेऊन आला. पोरांनी रात्रंदिवस कुऱ्हाडी चालवून म्हसळ्यापर्यंत एक गाडी जाईल एवढी वाट काढली होती. त्याने विचारलं, कोणाला न्यायचंय का, सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मी मांडी मोडलेल्या एका म्हाताऱ्याला चढवून दिलं. तेव्हा तुझी आई बाकावरून उठून दारापर्यंत आली. भिंतीला धरून उभी होती. ती म्हणाली, "मी पन जाऊ का तुळशीरामभावजींच्या गाडीतून? मला बरं वाटत न्हाय."

मी एका पोराच्या भुवईला टाका घालत होतो. वर न बघता म्हटलं, "तुला काय झालंय? पित्ताचं आहे. उगाच गाडीतली जागा अडवू नकोस."

लोकांसमोर बोललो होतो. ती परत आत गेली. तुळशीराम थोडा वेळ थांबला, माझ्याकडे बघत. मग त्याने गाडी सुरू केली.

दीड वाजता कृष्णाबाई तिच्यासाठी पेज घेऊन आत गेली आणि तिने मला हाक मारली. मी छातीवर दाब देत राहिलो, बराच वेळ. नंतर कृष्णाबाईनेच माझे हात धरले.

ती गाडीत बसली असती तर वाचली असती असं मी म्हणत नाही. कदाचित घाटातच गेली असती. तू आता हृदयाच्या विभागात काम करतेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तिने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं.

तू मामाबरोबर पास काढून चार दिवसांनी आलीस. ओसरीवर उभी राहून विचारलंस, बाबा, नेलं का नाही आईला? मी म्हणालो, रस्ता बंद होता. मी आधी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. तू माझ्या गळ्यात पडलीस आणि मला म्हणालीस, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्यानंतर खरं सांगायला जागाच राहिली नाही. लोकांनीही तेच धरलं. पहिले दोन दिवस रस्ता बंद होताच, तिसऱ्या दिवसाचा हिशोब कोण ठेवतो? तुळशीराम तेवढा जाणतो. पाच वर्षांत तो एकदाच बोलला. वर्षश्राद्धाला जेवून हात धुताना हळूच म्हणाला, धर्मा, गाडीत जागा होती रे. मी म्हटलं, माहीत आहे. पुन्हा विषय काढला नाही. त्या महिन्यातच मी दवाखाना सोडला. तुला वाटलं आईच्या आठवणीने सोडला.

आता हे का लिहितोय ते सांगतो. गेल्या रविवारी तू फोनवर केवढ्या आनंदात होतीस. गद्रे डॉक्टरांच्या मुलाने जागा द्यायचं कबूल केलंय, तुझ्या ओळखीचे एक डॉक्टर मुंबईहून फोनवर असतील, पाटीवर नाव त्यांचं, बसणार तू. दवाखान्याला आईचं नाव. या महिनाअखेर राजीनामा देणार म्हणालीस, आणि मी जोडीला येऊन बसायचं. मी फक्त हं, हं करत राहिलो. बाळा, तुझं शिक्षण माझ्यासारखं अर्धवट नाही, तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी जाणतो. पण ज्याच्या पाठीमागे खरा डॉक्टर उभा असतो तो वेगळा आणि ज्याच्यासमोर नुसती रांग असते तो वेगळा. इथे महिन्याभरात लोक तुला डॉक्टर म्हणतील. तू दुरुस्त करशील, तरी म्हणतील. मग एक दिवस तूही थकशील. मी काल गद्र्यांच्या मुलाला कळवलंय, की जागेचं माझ्या मुलीशी पक्कं करण्याआधी पंधरा दिवस थांबा. तुला न विचारता कळवलं, त्याचा राग येऊ दे. तिथे रोज बसणारा डॉक्टर तुला मिळाला तर ये, मी एसटी स्टँडवर घ्यायला येईन. नाही मिळाला तर आहेस तिथेच राहा. मी मात्र त्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही, आणि आईचं नाव पाटीवर घालायचं की नाही ते हे सगळं कळल्यावर तूच ठरव. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी फोन करून त्रास देणार नाही. पण हे काम तू का निवडलंस असं पुन्हा कोणी विचारलं, तर ते जुनं उत्तर देऊ नकोस. ते मी तुला दिलेलं होतं आणि खोटं होतं.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बाबा