पाच क्रमांकाची कार्बाइन, सात क्रमांकाचा दट्ट्या

पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या कृपेने, जिच्यावाचून हाताला लेखणी पेलत नाही आणि जिभेला सत्य पेलत नाही, मी सर्व्हे थोनार, वय वर्षे शहाऐंशी, राहणार शेरात या गावी, पूर्वी नदीकाठच्या बंदूक कारखान्यात जोडारी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे. दृष्टी मंदावली, तरी बोटांना केसाएवढी फट अजून कळते. कोणाचा दबाव नाही. असलाच तर आतला आहे. आमच्या कायद्याप्रमाणे अशा लेखास साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. कारण पुढे येईल.

१. राहते घर व परसातील नासपतीची दोन झाडे माझा पुतण्या फिर्मां यास द्यावीत. माझ्या आजारपणात त्याने चौदा महिने सूप आणले आणि दर वेळी म्हटले, "काका, भिंतीवरच्या त्या लोखंडाचं काय ठरवलंत?" सूप उत्तम होते. लोखंड त्यास मिळणार नाही.

२. माझ्या एकेचाळीस कानशी व मापके गावच्या तंत्रशाळेस द्यावीत. तेथे माझ्या नावाची पाटी लावू नये. लावायचीच तर माझ्या उस्तादांचा नियम लावावा: एका कापडावर एकच बंदूक. हाताने घासून जोडलेल्या बंदुकीचा प्रत्येक भाग फक्त तिचाच असतो व त्यावर तिचा क्रमांक असतो, म्हणून एकीचे भाग उघडून मांडले की त्या कापडावर दुसरी उघडायची नाही.

३. माझे शास्त्रग्रंथ चर्चला द्यावेत. समासातल्या टिपा वाचू नयेत. त्यांत विद्वत्ता पूर्वाचार्यांची आहे, अहंकार तेवढा माझा.

४. आता भिंतीवरची ती कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक. सैन्याच्या चाचणीसाठी आम्ही बाराच घडवल्या. अकरा गेल्या, माझ्या भिंतीवरची पाच क्रमांकाची उरली. काडतुसावर आदळून बार उडवणारी टाचणी काढलेली असल्याने ती आता निरुपद्रवी आहे, आणि म्हणूनच लोक तिच्यावर प्रेम करतात. अँटवर्पचे संग्राहक श्रीयुत व्हेर्लिंडन तीन वेळा येऊन गेले. दस्त्यावरचा मूळ तेलाचा रंग पाहून त्यांनी टोपी काढली. चर्चमध्ये ते काढतात की नाही, ठाऊक नाही. मग त्यांनी दट्ट्या, म्हणजे काडतुसामागे बसून स्फोट कोंडून धरणारा तुकडा, बाहेर काढला व हळहळले.

"थोनारसाहेब, सगळं अस्सल आहे हो, पण सांगाडा पाचचा आणि दट्ट्या सातचा! ही एवढी एक खोट. माझ्याकडे एक कारागीर आहे. सात घासून पाच करून देईल, देवालासुद्धा कळायचं नाही."

मी म्हटले, "त्याला आधीच कळलंय. तुम्ही उशिरा आलात."

ही खोट मी केली. सन १९५८, जून महिन्याची पाच तारीख, ख्रिस्तशरीराचा सण. चारच्या मिरवणुकीत पवित्र भाकरीवर धरायच्या छत्राचा एक दांडा धरण्याचा मान मला प्रथमच मिळाला होता. दुपारच्या चाचणीसाठी पाच व सात या दोन्ही साफ करायच्या होत्या. वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही एकाच कापडावर उघडल्या. चाचणीकार जिल क्लोसे, माझा मित्र, दारातून ओरडला, "अरे संतमहाराज, निघा आता! देव खोळंबलाय तिकडे. उडवायचं काम पापी माणसांचं, ते मी बघतो." मी दोन्ही घाईने जोडल्या, हात धुतले व निघालो.

छत्र खांद्याशी होते तेव्हा टेकडीमागून बार ऐकू येत होते. मग ते थांबले. चाचणी संपली असे मला वाटले, आणि मी स्तोत्र अधिक मोठ्याने म्हटले.

सातच्या सांगाड्यात पाचचा दट्ट्या केसाएवढा आखूड पडला होता. काडतूस मागून फाटले. जिल सायंकाळपूर्वी गेला. त्याच संध्याकाळी मी बाकावरची पाच उघडून पाहिली. आत सात होता. मी ती मिटली.

चौकशीत विचारले, "दट्टे तपासले होते?" मी म्हणालो, "होय." तपासले होते, उघडण्यापूर्वी. शब्द खरा होता. मी खोटा होतो. क्लोसेने पिऊन चुकीचे काडतूस भरले, असा निकाल लागला. कामावर मेलेल्यांच्या नगरपालिकेतल्या फलकावर त्याचे नाव कोरले नाही. त्याची मुलगी ओदिल तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेत तिला "बेवड्याची पोर" म्हणत. हे मी रस्त्याच्या पलीकडून ऐकले आहे. उरलेल्या कार्बाइन भट्टीत गेल्या. पाच क्रमांकाची तेवढी साहेबांच्या खोलीत टांगली गेली व निवृत्तीच्या दिवशी मलाच भेट मिळाली. टाळ्या वाजल्या.

शस्त्रांचे फाळ व्हावेत, ही संदेष्ट्यांची आज्ञा मी जन्मभर वाचली. येथे मात्र माझी इच्छा उलट आहे. हे शस्त्र वितळवू नये, घासू नये, दुरुस्त करू नये. तो सातचा अंक हाच जिलचा एकमेव साक्षीदार आहे. कार्बाइन ओदिल क्लोसे हिला द्यावी. पुढे ती ठेवो, विको वा नदीत टाको. परंतु आधी या कलमाची प्रत व अंकाचे छायाचित्र नगरपालिकेस द्यावे आणि फलकावर जिलचे नाव कोरावे. खर्च माझ्या ठेवीतून करावा.

हे सारे मृत्यूनंतर उघडावे, असा माझा बेत होता. आमच्या चर्चचे फादर उर्बें म्हणाले, "म्हणजे कबुली द्यायची आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही? व्वा, सर्व्हे! अठ्ठावन्न वर्षांत तुम्ही पळायचं काही सोडलं नाहीत." म्हणून ओदिलला आज बोलावले आहे. वाचून तिने सही करावी किंवा करू नये.

शेरात, दिनांक २६ मे २०१६, ख्रिस्तशरीराचा सण.

(सही) सर्व्हे थोनार

साक्षीदार:
१. (सही) फादर उर्बें मारेशाल
२. (सही) ओदिल क्लोसे. अंक स्वतः पाहिला. बाबा पीत नव्हते, हे आई शेवटपर्यंत सांगत होती. क्षमा केलेली नाही.

वरील ओळ न्याय्य आहे; ती कोणी खोडू नये. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, खरे बोलण्याची वेळ असतानाच खरे बोलण्याचे बळ प्रभू देवो, आणि त्याची शांती तुमच्या घरी नांदो. आमेन.