टेकडीवरच्या घरातलं जातं

बाबा, इतक्या उशिरा लिहितोय, राग मानू नका. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

मला भीती वाटते. गाझात युद्ध पेटल्यापासून इथं विलायतेत, वेम्बलीतही जिन्यात पाऊल वाजलं की मी टीव्ही बंद करतो. सिनेगॉगबाहेर पोलिसांची गाडी उभी असते. तुमच्या नातीनं फोन केला, "पप्पा, दारावरची मेझुझा काढा. उगाच कुणाला कळायला नको." मी स्क्रू काढले आणि धर्मवचनांची ती बोटभर डबी पोह्यांच्या डब्यात लपवली.

दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचा शेजारी वर आला. तो पॅलेस्टिनी, माझ्याच वयाचा. मलिदा केला की मी त्याला ताटली देतो: भिजवलेले पोहे, खोबरं, खजूर, एलियाहू नबीच्या नावानं. तो प्रेषित मुसलमानांनाही प्यारा. खातो आणि म्हणतो, "तुझ्या नबीनं माझी शुगर वाढवली!" त्या दिवशी मात्र चौकटीवरच्या दोन भोकांवर बोट ठेवून उभा राहिला. "माझ्या भीतीनं काढलीस?" मी म्हटलं, "छे, रंग द्यायचाय." "तीस वर्षांत कधी दिलास रे, लबाडा?" हसला, आणि खुर्चीत बसून रडायला लागला. गाझात त्याच्या बहिणीचा फोन लागत नाही. मग पहिल्यांदाच त्यानं आपल्या गावाचं सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या लढाईत लोक पळाले तेव्हा तो आईच्या कडेवर होता. टेकडीवर घर, खाली विहीर, स्वयंपाकघरात आईचं काळ्या दगडाचं जातं, काठाचा टवका उडालेलं. आठवड्यात परत येऊ म्हणून तिनं ते पिठासकट सोडलं. परत कुणी येऊ दिलं नाही.

मला आपलं तिकडचं घर आठवलं, बाबा. यहुद्यांना कुठंतरी आपलं घर हवं, म्हणून तुम्ही आम्हाला मुंबईहून यहुद्यांच्या त्या नव्या देशात नेलंत. सरकारनं टेकडीवरचं घर दिलं. मी नऊ वर्षांचा. आई तिथल्या जात्यासमोर बसली आहे, खुंट्याला हात लावत नाही. "अहो, हे कुणाचं?" तुम्ही म्हणता, "घर रिकामं होतं." मी विचारतो, "ते परत आले तर?" आणि तुम्ही अंगावर ओरडता, "दळायचं ते दळा, विचारू नका!" तिथले लोक आपल्याला काळे म्हणायचे, दोन वर्षांत आपण परत फिरलो. निघायच्या सकाळी तुम्ही ते जातं धुतलंत, पुसलंत आणि होतं तिथंच ठेवलंत. मी दारातून पाहत होतो. म्हणजे तुम्हालाही भीती वाटत होती का?

टवका होता की नाही, मला आठवत नाही. जाती सगळीकडे सारखीच, टेकड्याही. त्यानं त्याच्या गावाचं नाव मला कागदावर लिहून दिलंय. आपल्याला घर मिळालं त्या गावाचं, सरकारनं ठेवलेलं नवं नाव मला पाठ आहे. जुनं तुम्हाला ठाऊक होतं, पण घरात तुम्ही ते कधी उच्चारलं नाहीत.

उद्या तो मलिद्याला येणार आहे. पोहे काढताना डबी हाताला लागली, तरी ती मी दाराला लावलेली नाही. हे पत्रही तिथंच ठेवीन. खरं सांगतो, बाबा, नाव दुसरंच निघावं म्हणूनच विचारतोय. काय होतं ते जुनं नाव? तो जिना चढून येण्याआधी कळवा. लवकर कळवा.