भूषणकाकांचं क्रेनचं शिक्षण

पिंप्राळा, जळगाव
१३ जानेवारी २०२६

तीर्थरूप कोकिळाआत्या,

धुळ्यापर्यंत पोहोचेल इतका वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे कोर्टाची पायरी चढण्याइतपत.

आधी दुरुस्ती. भूषणकाका मस्कतला चार महिने क्रेन चालवायला शिकत होते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं. ते चार महिने ते तुरुंगात होते. कामगारांच्या मेसमधल्या स्वयंपाक्याने वांग्याच्या भरितात टोमॅटो घातला म्हणून काकांनी त्याचे दोन दात पाडले आणि तिथल्या कोर्टाने शिक्षा दिली. (क्रेनबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले होते. ते कृपया खोडावेत.) काकूंच्या ट्रंकेत निकालाचं भाषांतर सापडलं, तेव्हा मला हे कळलं. विचारलं तर काका म्हणाले, "जेल कसानी वं! तठे बठ्ठास्ले एसी व्हता." एसी असला की तुरुंग धरायचा नाही, हे तुमच्याकडून मला बाराखडीबरोबर शिकवायचं राहून गेलं असावं.

इथला गुन्हा तुम्हाला माहीतच आहे. फैजपूरच्या केळीच्या मळ्यात भरीत पार्टी, जीवरामभाऊंनी भरितात टोमॅटो टाकला (माणूस कुठेही गेला तरी त्याला टोमॅटो गाठतोच), आणि काकांनी वांगी कुटायचा दांडा त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. गुन्हा शाबीत झाला. आता प्रश्न शिक्षेचा. 'पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा' असा काकांचा अर्ज आहे आणि त्याला माझं प्रतिज्ञापत्र जोडलंय: काकांना आजवर कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केलेली नाही. सोबत, ते परत आल्यावर गावाने केलेल्या सत्काराचा फोटो. मागे फलक, 'परदेशात उच्च प्रशिक्षण घेतल्याबद्दल'.

मी धावत काकांच्या योगेंद्र वकिलांकडे गेले. ते हसले. जुन्या शिक्षेमुळे नवी शिक्षा वाढवायची, तर जुनी शिक्षा भारतातल्या न्यायालयाची लागते, असं कायदाच म्हणतो म्हणे. मला फार बरं वाटलं. म्हणजे समुद्रापलीकडे पडलेले दात मोजत नाहीत. मग विचारलं, आणि सवलत मागताना? त्यावर त्यांनी चष्मा पुसला. सवलत देताना न्यायाधीश माणसाचं चारित्र्य बघतात, आणि तेव्हा मस्कत बरंच जवळ येतं. "पण ताई, त्यांना सांगणार कोण?"

आत्या, सांगणारी मीच. सांगितलं तर काका आत जाऊ शकतात. नाही सांगितलं तर मी शपथेवर खोटी. तीन दिवस काकू वाढताना म्हणतात, "घ्या न्यायाधीशबाई, भाजी घ्या." काका मात्र मोठ्या मनाचे. म्हणाले, खरं सांग, फक्त टोमॅटोचंही सांग; साहेब खान्देशातले असले तर समजतील.

तुमची,
रूपा

ता. क. वकिलांच्या फाईलमध्ये माझ्या प्रतिज्ञापत्रानंतरचं पान तुमचं आहे. वाक्य तेच, सही तुमची. आणि काकू म्हणतात, तुरुंगातून काकांनी पहिला फोन तुम्हालाच केला होता.

पुन्हा ता. क. तुमच्या दुरुस्तीचा कागद टाईप करून सोबत ठेवलाय, फक्त सही राहिली आहे. आधार कार्ड घेऊन या. आलात तर दोघी मिळून देऊ. नाही आलात तर मी एकटी देईन, आणि साहेबांनी विचारलं तर तुमचंही सांगेन. सोमवार, १९ जानेवारी, सकाळी अकरा वाजता, कोर्टात.