थोरलीच्या नावावर

४ जानेवारी

चि. मास्तर यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे. लाँड्रीत वाफेची नवी इस्त्री आली. मालक तिला माझ्यापेक्षा जास्त जपतो.

तुझं पत्र मिळालं. भाषण छान आहे, फळ्यावर लिही. मतदानाला ओळखपत्राची सक्ती म्हणजे गरिबाच्या तोंडावर दार लावणं, असं तू लिहितोस. अरे, दार लावायलाच हवं. मागच्या निवडणुकीची गोष्ट तुला सांगितली नव्हती, कारण तू लगेच आकडेवारी काढली असतीस. मी मत द्यायला गेले, तर टेबलामागचा माणूस म्हणाला की तुमच्या घरचे गृहस्थ सकाळीच मत देऊन गेले. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी विचारलं की कसे दिसत होते. तो म्हणाला, गर्दीत कोण बघतं. मास्तर, क्षणभर खरंच वाटलं की हे एवढ्या लांब आले, मतही देऊन गेले, आणि घरी मात्र डोकावले नाहीत.

हे काम सोनेरी चष्मेवाल्या पुढाऱ्याच्या माणसांचं, हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या गल्लीतली नर्सबाई त्याच्याविरुद्ध उभी होती, ती अगदी थोडक्यात पडली. किती मढी उठून त्याच्यासाठी रांगेत उभी राहिली असतील, देव जाणे. ती या वेळी पुन्हा उभी आहे. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात हीच बाई रोज येऊन जखम धुवायची आणि चहासुद्धा घ्यायची नाही. माझं मत तिला द्यायचं आहे, आणि ह्यांचं कुणाला चोरू द्यायचं नाही. म्हणून मी कार्डाच्या बाजूची. सोमवारी सुट्टी काढून कार्ड करायला कचेरीत जाते.

सौ.ला आणि दोन्ही पोरींना आशीर्वाद. माझ्यावरच्या लोभाला सुरकुती पडू देऊ नकोस.

तुझी ताई


११ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. ‘शेंबडं पोर’ ऐकून धाकटीने घाईघाईने नाक पुसलं.

भाऊजींच्या नावाने कुणी मत टाकलं हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती चोरीच, त्यात वाद नाही. पण ताई, असा एक चोर पकडण्यासाठी किती भल्या माणसांना रांगेतून बाहेर काढायचं, एवढंच मी विचारतो. शाळेच्या शिपायाची आई ऐंशीच्या घरात आहे. तिचा जन्म कुठे नोंदलेलाच नाही. कारकून तिला म्हणाला की तुम्ही जन्मल्याचा पुरावा आणा. ती बिचारी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःकडेच बघत राहिली.

तुझं काम मात्र झटकन होईल. आईने तुझा जन्माचा दाखला पेटीत कसा जपला होता, आठवतं ना? माझा उंदरांनी खाल्ला, तुझा कापडात गुंडाळलेला. लाडकी कोण होती ते यावरून कळतं!

शिव्यांसकट लोभ करत राहावं.

तुझा मास्तर


२० जानेवारी

चि. मास्तर यास,

आशीर्वाद. वि. वि. मी मेले आहे. पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस.

आईने जपलेला तो दाखला घेऊन कचेरीत गेले. सकाळची दुपार झाली. काचेमागच्या बाईने यंत्रात बघितलं, मला बघितलं, पुन्हा यंत्रात बघितलं. मग म्हणाली की या दाखल्यावरची मुलगी दोन वर्षांची असताना तापाने वारली, इस्पितळाने तशी नोंद केलेली आहे. नाव तेच, आईबाप तेच, जन्माचा दिवस तोच. मी म्हटलं की दोन वर्षांची असताना मेले असते तर एवढी वर्षं लोकांच्या चादरी कोण धुतंय? ती हसली नाही. नाव यादीतून काढलं जाईल म्हणाली. आजवर मेलेल्या मुलीच्या नावाने मत देत आलात, तेही लिहावं लागेल, असंही हळूच म्हणाली.

मी आरडाओरडा केला. मला चोर म्हणते! ह्यांच्या नावाने मत टाकणाऱ्याला शोधत मी तिथे गेले, आणि कचेरीच्या हिशेबी मेलेल्याचं मत टाकणारी मीच. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं की बाई, मेला असाल तर बाजूला व्हा, आम्हाला घाई आहे. सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण आलं नाही.

दुसऱ्या कुणाची तरी नोंद आपल्याला चिकटवली असणार. रविवारी मावशीकडे जाते. आईच्या माहेरचं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे. तिला काही ठाऊक असलं तर बघू.

जिवंत आहे तोवर लोभ ठेव.

ताई


२ फेब्रुवारी

चि. मास्तर यास,

आशीर्वाद. वि. वि. हे पत्र बसून वाच.

चूक कचेरीची नाही. मावशीला विचारलं, तेव्हा तिने आधी उठून खिडकी लावून घेतली. मग सांगितलं. माझ्याआधी आईला एक मुलगी होती. दोन वर्षांची होऊन तापाने गेली. तेव्हा मी आईच्या पोटात होते. पुढे मी झाले. आईने मला बघितलं आणि म्हणाली, हीच ती, परत आली. तेच नाव, तेच कपडे. बाबा माझा जन्म नोंदवायला निघाले, तर आईने त्यांना दारातून परत फिरवलं. एकदा नोंदलेली मुलगी पुन्हा कशाला नोंदवायची म्हणाली. तिला त्या वेळी उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. नंतर सगळ्यांना सवय झाली.

आता बघ. सहा वर्षांची म्हणून मला शाळेत घातलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. मला पेन्सिल धरता यायची नाही. बाई मला मठ्ठ म्हणायच्या, मीही धरून चालले की आपलं डोकं रिकामं. सगळी पोरं पुढे गेली आणि मी मागे राहून राहून घरी बसले. तू हुशार, मी ढ, असं आपल्या घरात ठरूनच गेलं होतं. मास्तर, एवढीही ढ नसेन रे मी.

आणि फ्रॉक आठवतात? माझे कायम घोट्यापर्यंत यायचे, बाह्या दुमडलेल्या. वाढत्या अंगाचे म्हणून आई मोठे शिवते असं मी समजायचे. ती माझ्या मापाने शिवतच नव्हती.

आमच्या लाँड्रीत एक गिऱ्हाईक सोडून गेलं की त्याची खूण लगेच दुसऱ्याच्या कपड्यांना लावत नाहीत. आधीच्याचं काही मागे राहिलेलं असतं, मग एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी जातो. पहिल्या आठवड्यातच शिकवतात हे. आईला कुणी शिकवलं नाही.

भिंतीवर फोटो आहे ना, झालरीच्या फ्रॉकातला, माझा म्हणून? मावशीने ओळखला. तो माझा नाही. माझा लहानपणीचा एकही फोटो नाही. काल काढून पेटीत ठेवला, तर भिंतीवरचा पांढरा चौकोन जास्तच बघायला लागला. पुन्हा लावला. आता भांडी घासताना मानेला कळतं की ती बघते आहे. रागाने नाही. आपली वस्तू कुणीतरी वापरत असलं की मूल कसं बघतं, तसं.

लाँड्रीत कुणी नावाने हाक मारली की मी आधी थांबते. दुसरी कुणी ओ देते का ते ऐकते. मग मी देते. मालक विचारतो की कानात बिघाड झाला का.

कचेरीतली बाई वाईट नाही. तिने दोन वाटा सांगितल्या. एक, मी सही करून द्यायची की ती मरणाची नोंद चुकीची आहे, अशी मुलगी मेलीच नाही. मग मतदानाआधी कार्ड हातात. दुसरी, मी म्हणजे दुसरी मुलगी, हे मावशीच्या साक्षीने सिद्ध करायचं आणि नव्याने जन्म नोंदवायचा. त्याला महिने लागतात, या वेळचं मत गेलं. तू शिकलेला आहेस. काय करू ते लिही, आणि लवकर लिही.

ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उलट टपाली उत्तर देतो आहे. तू ढ कधीच नव्हतीस. पाढे मला तूच शिकवलेस, चूल पेटवता पेटवता. ते मी विसरलो होतो, याची आज लाज वाटते.

ताई, सही कर. कायदा करणाऱ्यांनी आपल्यासारखी घरं बघितलेली नाहीत, त्यांच्या एका रकान्यासाठी तू स्वतःला का पुसून घेतेस? या कागदाने कुणाचं काही लुबाडलं जात नाही. नर्सबाईला एकेक मत लाखाचं आहे. आणि आईच्याच शब्दाने चाललीस तर थोरली मेली नाही, परत आली. मग सही तरी खोटी कशी? मी पुरावे मागणारा माणूस, आणि मीच तुला हे सांगतो आहे, हे मला कळतं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आई शेवटच्या दिवसांत सारखी म्हणायची की धाकटीला बोलवा, धाकटीला बोलवा. आपल्याला वाटलं, नात हवी आहे. मी माझ्या धाकटीला शाळेतून उचलून आणून तिच्यापुढे उभी केली, तर आईने मान फिरवली. पोर रडली होती. तू उशाशी बसून होतीस, तुला आठवत असेल. ते काय होतं गं?

सही करून कळव. माझा लोभ तुझ्या पायाशी आहे.

मास्तर


२६ फेब्रुवारी

चि. मास्तर यास,

आशीर्वाद. वि. वि. सही केली नाही. आता ओरड.

कागद समोर होता, पेनही उघडं होतं. पण अशी मुलगी मेलीच नाही असं लिहून दिलं तर ती गेली कुठे? तिचं नाव मी वापरलं, दाखला वापरला, फ्रॉक वापरले. आता तिचं मरणही मीच खोडू? या जगात तिचं स्वतःचं असं तेवढंच शिल्लक आहे. पेन परत दिलं आणि मावशीची साक्ष नोंदवली. यादीतून नाव गेलं.

मतदानाच्या दिवशी तरीही गेले. गेटाबाहेर उभी राहिले, साडी नीट इस्त्री केलेली. चष्मेवाल्याची माणसं आत जाऊन तोंडं पाडून बाहेर आली. कार्डाशिवाय त्यांची मढी या वेळी उठली नाहीत. ह्यांचं मत कुणी चोरलं नाही. पलीकडच्या गल्लीतली फुलं विकणारी म्हातारीही कार्ड नाही म्हणून परत आली, ती दर वेळी पहिल्या रांगेत असायची. माझंही मत पडलं नाही. तुझंही खरं निघालं आणि माझंही, आता भांडू कशावरून? नर्सबाई पुन्हा थोडक्यात पडली. तिला सगळं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलत नाही. तिचं काय चुकलं?

आता तुझ्या प्रश्नाचं. ते वाचलं आणि हातातली इस्त्री खाली ठेवली. आई तेव्हा माझ्याकडे बघूनच बोलायची. माझा हात धरून म्हणायची की तू पुष्कळ बसलीस, दमलीस, आता तू जा, धाकटीला बोलव. मला वाटलं, भ्रम झाला आहे. चार रात्रींची जागी होते, चिडले होते. मी तिच्यावर खेकसले की इथे धाकटी कुणी नाही, मीच आहे. ती मग दाराकडे बघत राहिली, शेवटपर्यंत.

अरे, ती मला बोलवत होती. आयुष्यभरात एकदाच तिला आम्ही दोघी वेगळ्या दिसल्या, आणि मी उशाशी बसून तिला सांगितलं की धाकटी नाही.

कचेरीने नवा अर्ज घेतला आहे. नाव काय लिहायचं विचारलं, हवं तर बदला म्हणाले. तेच ठेवलं. फोटो भिंतीवरच आहे. काल लाँड्रीत मालकाने हाक मारली, मी थांबले नाही, लगेच ओ दिली. पण दाराकडे बघून दिली.

सौ.ला, पोरींना आशीर्वाद. तुझ्या धाकटीला माझ्यातर्फे जवळ घे, तिला त्या दिवशी उगाच रडवलं. लोभ तूच सांभाळ, दोघींच्या वाटणीचा.

तुझी धाकटी ताई