सुतळीत बांधलेली वेरोनिक

प्रिय बाबा,

आज सकाळी दादाचा पुण्याहून फोन आला. वर्षश्राद्धाला तुमचं हस्तलिखित छापून नातेवाइकांना द्यायचं म्हणतोय. "गठ्ठा तुझ्याकडेच आहे ना गं?" मी हो म्हणाले. आता लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगू?

गठ्ठा नाहीये, बाबा. तुम्ही इथून, योकोहामाहून, परत गेलात त्याच महिन्यात गेला.

ते हस्तलिखित लिहिण्यासाठी तुम्ही निवृत्तीनंतर फ्रेंच शिकलात. केरळात ज्या फ्रेंच बनावटीच्या रॉकेटांची जुळणी करण्यात तुमची हयात गेली, त्यांच्या थोरल्या बहिणीची, वेरोनिक नावाच्या जुन्या फ्रेंच रॉकेटची ती गोष्ट. वाळवंटातून सरळ वर जायचं, हवेच्या वरच्या थरांची मोजमापं घ्यायची आणि खाली पडायचं. "उपग्रह सोडणाऱ्यांचे सत्कार होतात, हिला कोण विचारतं?" असं म्हणून तुम्ही तिची बाजू घ्यायचात.

सुरुवातीला ती तिरकी जाऊ नये म्हणून तिला चार तारा बांधत आणि जरा वर गेली की तोडत. तुम्ही ते आमच्या जेवणाच्या टेबलावर दोऱ्याने करून दाखवलंत. मी ऑफिसचे मेसेज बघत मान हलवत होते.

आणि कागद सुतळीने आडवे-उभे बांधायची तुमची ती सरकारी सवय! इथे रद्दी अगदी तशीच बांधून ठेवतात. मी गठ्ठा टेबलावरून उचलून चपलांच्या कपाटाशी ठेवला होता. रद्दीच्या दिवशी तुमच्या जावयाने, सुहासने, तो खाली नेला. "इतका नीट बांधलेला, मला वाटलं तूच बांधलायस," म्हणाला. त्याला काय बोलणार? मी खाली धावले तोवर गाडी गेली होती. रद्दी नेणाऱ्यांच्या ऑफिसात फोन केला, तर पलीकडच्या बाईंनीच माझी तीनदा माफी मागितली. कागद लगद्याला गेले होते.

तुम्ही दर रविवारी विचारायचात, "कुठवर आलीस?" मी म्हणायचे, "वाचतेय, छान झालंय." मी पहिल्या पानापुढे गेलेच नव्हते. तुम्ही एक झेरॉक्स का नाही काढून ठेवलीत हो? बघा, रागही तुमच्यावरच काढतेय.

दादा छापखान्यात जायच्या आत, आज संध्याकाळीच त्याला खरं सांगेन. हे वचन. तो विचारेल, बाबांना कळलं होतं का? मी नाही म्हणेन. पण शेवटचे दोन महिने तुम्ही "कुठवर आलीस?" विचारणंच सोडलं होतंत. का, बाबा?

तुमची,
मीनल