तापलेल्या समुद्राचा आकडा

३ फेब्रुवारी

मुलगी जेवताना बोलली ते डोक्यातून जाईना. ती पाणी खात्यात अंदाज काढते. कुठला तरी लांबचा समुद्र तापलाय म्हणे! किती तापला त्याचा आकडा काढतात. तो चढला की काही महिन्यांनी आपल्याकडे पाऊस ओढ देतो. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "त्या समुद्राचा आणि आपल्या नळाचा काय संबंध गं?"

"आहे, बाबा. तो गेल्या वर्षीच तापला, म्हणून गेल्या पावसात आलेलं पाणी कमी, आणि आता उकाड्यात लागणारं जास्त. यंदा पावसाळ्याआधीच धरण तळ दाखवेल. पण साहेब जाहीर करू देत नाहीत — निवडणूक होऊ दे म्हणतात. तुम्ही कुठे बोलू नका हं."

नाही बोलणार. गळ्याशपथ!

४ फेब्रुवारी

बोललो.

पायजमा आखूड करायला खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो होतो. बाहेर नळ तसाच वाहत होता, आणि हा निवांत सुई ओवतोय! राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, समुद्राला ताप आलाय तर गोळी द्या त्याला!" खूप हसला. संध्याकाळी मात्र नवं पिंप डोक्यावर घेऊन जाताना दिसला.

१२ फेब्रुवारी

जो तो पाणी भरतोय! वरच्या गल्लीत गच्चीगच्चीवर नव्या टाक्या चढल्या. काल भरलेलं आज शिळं म्हणून ओतून देतात, पुन्हा भरतात.

मुलगी म्हणाली, "धरण माझ्या अंदाजापेक्षा भराभर उतरतंय." मी उठून आमचा नळ घट्ट पिळून आलो.

२ मार्च

नळ दिवसाआड. वरचे मोटार लावून ओढतात, खाली नुसती हवा. शिंप्याचं पिंप कोरडं.

१९ मार्च

शिंप्याची बायको दवाखान्यात — खाणीतलं साचलेलं पाणी प्याली. बाहेर बाकावर शिंपी बसला होता. "तुमचा समुद्र खरा निघाला, काका." आज हसला नाही. मी पिशवीतली फळं तशीच धरून उभा.

२१ मार्च

गेली बिचारी.

खात्यात चौकशी लागलीय, बातमी फोडली कुणी म्हणून. शिंप्यानं माझं नाव घेतलं तर? मुलीची नोकरी जाईल!

२३ मार्च

मुलगी दुपारीच घरी आली. साहेबांपुढे सांगून आली, "मीच फोडलं." घरी बसवलंय तिला.

म्हटलं, "माझ्यापायी खोटं का बोललीस, पोरी?"

"खोटं कुठे बोलले? तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगितलं. वाटलं, कळलं की लोक जपून वापरतील." पाठमोरी झाली. "समुद्राचं गणित बरोबर आलं, बाबा."